डफानंतरचा बेस : 'स्वदेशी'ची वाटचाल

'द वारली रिव्होल्ट' हे गाणं 2019 साली आलं. गोरेगावच्या आरे वसाहतीतल्या केलटीपाड्याचे प्रकाश भोईर त्यात गातात, 'स्वदेशी' या मुंबईतल्या गटाचे एमसी, म्हणजे रॅपर, आपले शब्द मांडतात आणि त्या सगळ्यांच्या खाली एक जाड, जमिनीलगत सरकणारा बेस चालू राहतो. उपनगरांत इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत तोवर भरपूर वाजलं होतं. अंधेरीच्या पबमध्ये वाजलं, बोरिवलीच्या नवरात्रात वाजलं, घाटकोपरच्या विसर्जन मिरवणुकीत तर खिडक्यांच्या काचा थरथरेपर्यंत वाजलं. पण त्या आवाजात उपनगरची स्वतःची जमीन, तिथले मूळ रहिवासी आणि त्यांची बोली आली ती या गाण्यात, असं मी मानतो. म्हणून स्वदेशीची वाटचाल लिहायची तर ती या गाण्यापाशी कशी पोचली आणि पुढे कुठे गेली, हे सांगायला हवं.

संस्था म्हटली की घटना, कार्यकारिणी, वार्षिक अहवाल, सभागृहातल्या तसबिरी हे सगळं आपल्या डोळ्यांपुढे येतं. स्वदेशी त्या अर्थाने संस्था नाही. 2013च्या सुमारास एकत्र आलेली ही काही तरुणांची टोळी. एमसी मवाली, गुजरातीतूनही रॅप करणारा एमसी तोडफोड आणि अमरावतीकडून आलेला 100आरबीएच हे शब्दांचे मानकरी. नार आणि बॅमबॉय हे संगीत बांधणारे. त्यांच्या जोडकामाचं नाव 'राक्षस साउंड'. हिंदी, मराठी, गुजराती अशा भाषा एकाच मंचावरून बोलायच्या आणि जे बोलायचं ते आपल्या वस्तीतलं, आपल्या काळातलं बोलायचं, हा त्यांचा पहिल्यापासूनचा बाणा. दहा वर्षांहून जास्त टिकलेल्या अशा गटाला मी संस्थाच म्हणेन. रॅपवर लिहिणारे बहुतेकदा शब्दांवर लिहितात आणि बीट बांधणाऱ्याचं नाव शेवटच्या ओळीत उरकतात. इथे मी आवाजाकडून सुरुवात करतो, कारण स्वदेशीचं वेगळेपण मला आधी तिथेच ऐकू आलं.

या आवाजाचं मूळ जमैकात आहे. 1950च्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतल्या माणसांना क्लबची दारं खिशामुळे बंद होती. मग कुणी तबकडीयंत्र, घरी बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि कपाटाएवढे स्पीकर गाडीवर चढवून मोकळ्या अंगणात लावू लागले. त्याला साउंड सिस्टिम म्हणत. टॉम द ग्रेट सेबॅस्टियन, ड्यूक रीड, कॉक्सन डॉड ही त्या काळची बडी नावं. कुणाचा बेस जास्त खोल, कुणाकडे दुसऱ्याजवळ नसलेली तबकडी, यावर गर्दी या अंगणातून त्या अंगणात जायची. पुढे यांतल्या काहींनी स्वतःचे स्टुडिओ उभारले आणि त्यांतून स्का, रॉकस्टेडी, रेगे ही संगीतं घडली.

1968च्या सुमाराची एक हकिकत संगीताच्या इतिहासात पक्की बसली आहे. रडी रेडवुड नावाचा साउंड सिस्टिमवाला ड्यूक रीडच्या ट्रेझर आयल स्टुडिओत एका लोकप्रिय गाण्याची तबकडी कापून घ्यायला गेला. ध्वनिमुद्रण करणाऱ्या बायरन स्मिथकडून गायकांचा आवाज टाकायचा राहून गेला. रेडवुडने ती तबकडी तशीच नेली आणि रात्री वाजवली. आवाज नव्हता, म्हणून लोकांनीच गाणं म्हटलं. तिथून 'व्हर्जन' ही कल्पना रुजली : एका बाजूला गाणं, दुसऱ्या बाजूला त्याच गाण्याचा नुसता सांगाडा.

हा सांगाडा हातात घेऊन त्याची कला केली ती ऑस्बोर्न रडक उर्फ किंग टबी याने. हा मुळात रेडिओ आणि ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणारा कारागीर. वॉटरहाउस या वस्तीत आईच्या घरातल्या लहानशा खोलीत त्याने मिक्सिंगचं टेबल बसवलं. गाणं वाजत असताना तो गायकाचा आवाज अर्ध्यातून उडवायचा, गिटार गडप करायचा, ढोल आणि बेस तेवढे उरवायचा. मग उडवलेल्या ओळीचा शेवटचा तुकडा टेपच्या प्रतिध्वनीत सोडून द्यायचा. तो विरत विरत जायचा. त्याच्या टेबलावर एक फिल्टर होता. त्याचा खटका फिरवला की आवाजातला खालचा भाग पायरीपायरीने कापला जायचा. अशा संगीताला डब म्हणू लागले. वाजवणारे घरी गेल्यावरही संगीत करता येतं आणि मिक्सिंगचं टेबल हेच वाद्य होऊ शकतं, हे टबीने दाखवलं. ऑगस्टस पाब्लोबरोबरची त्याची 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन' 1976ची. ली 'स्क्रॅच' पेरीच्या ब्लॅक आर्क स्टुडिओतली 'सुपर एप' त्याच वर्षाची. आज घरी लॅपटॉपवर नृत्यसंगीत बांधणारा प्रत्येक जण, त्याला माहीत असो वा नसो, या खोल्यांचा देणेकरी आहे.

मराठी कानाला डब परकं वाटायचं कारण नाही. शाहीर ओळ टाकतो आणि झीलकरी त्या ओळीचं शेपूट उचलून जी जी करत लांबवतात, तेवढ्यात शाहिराला श्वास मिळतो आणि ऐकणाऱ्याला अर्थ पचवायला वेळ मिळतो. डबमधला प्रतिध्वनी हेच काम करतो. तो झीलकऱ्यांच्या जागी उभा आहे. डफ, तुणतुणं, झांज एवढ्या मोजक्या साधनांवर पोवाडा उभा राहतो, कारण मधली जागा शब्दांसाठी मोकळी ठेवलेली असते. डबमध्येही ढोल आणि बेस सोडला तर बाकी सगळं येऊन-जाऊन. ज्याला काही सांगायचं आहे त्याच्यासाठी याहून चांगली बैठक नाही. जमैकात 'व्हर्जन'वर बोलणारे लोक, म्हणजे डीजे, म्हणूनच तर तयार झाले.

आता हे आधुनिक नृत्यशैलींशी कसं जुळतं? गणित सोपं आहे. रेगेची चाल मिनिटाला साधारण 70 ठोक्यांची धरा. तिची दुप्पट 140. लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनमध्ये 2000नंतर जे डबस्टेप आकाराला आलं, त्याची गती 140च्या आसपास. आणि ग्राइम या ब्रिटिश रॅप शैलीचीही तीच. म्हणजे पाय धावत असले तरी डोकं रेगेच्या संथपणावर डुलू शकतं. जंगल आणि ड्रम अँड बेस 160-180वर पळतात, पण त्यांचा बेस निम्म्या गतीने चालतो. एकाच गाण्यात दोन वेग मांडायची ही सोय बीट बांधणाऱ्याला फार कामाची असते : एमसी संथ बोलला तरी चालतो, दुप्पट वेगाने बोलला तरी चालतो. त्यात रेगेचा एक गुण असा की 'वन ड्रॉप' या ठेक्यात पहिली मात्रा ढोलाविना रिकामी सोडतात आणि जोर तिसरीवर देतात. तीनताल ऐकून वाढलेल्या कानाला समेवरचा हा मोकळेपणा आधी चमकवतो, मग आवडू लागतो.

1985 साली आणखी एक गोष्ट घडली. किंग जॅमी या निर्मात्याने वेन स्मिथचं 'अंडर मी स्लेंग टेंग' काढलं. त्याचा सगळा ठेका कॅसिओ एमटी-40 या घरगुती कीबोर्डमध्ये आधीच भरलेला होता. जपानमध्ये तो हिरोको ओकुडा या तरुण स्त्रीने तयार केला होता. वाजवणाऱ्यांचा ताफा नसतानाही रेगे होतो, हे एका स्वस्त पेटीने सिद्ध केलं. पैसा नसलेल्या पोरांसाठी ही मोठी बातमी होती. रॅपची नाळही इथेच जोडलेली आहे. 11 ऑगस्ट 1973ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ज्या पार्टीपासून हिपहॉपचा जन्म मोजतात, ती गाजवणारा डीजे कूल हर्क किंग्स्टनमध्ये जन्मलेला होता. स्वदेशीने रॅप आणि डब एकत्र केलं तेव्हा दोन परक्या गोष्टी शिवल्या असं नव्हे. एकाच घरातली भावंडं पुन्हा एकत्र आणली.

भारतीय कानांशी या आवाजाची ओळख आधी विलायतेत झाली. लंडनमध्ये 1993 साली एका संगीत प्रशिक्षण केंद्रातून एशियन डब फाउंडेशन उभं राहिलं आणि त्यांनी स्थलांतरितांचा राग डब आणि जंगलमध्ये ओतला. भारतात 2009 साली दिल्लीत रेगे राजाज सुरू झाले. पुण्यात मंकी साउंड सिस्टिम. मुंबईत बॉम्बे बेसमेंट, ज्यात केनियातून शिकायला आलेला बॉबकॅट गायचा आणि रुएल बरेटो बेस वाजवायचा. क्रंकसारख्या मुंबईतल्या संस्थेने बेस संगीताच्या रात्री भरवल्या. बंदिश प्रोजेक्टमधून बाहेर पडलेल्या न्यूक्लियाने रस्त्यावरच्या मिरवणुकीचा बाजा आणि डबस्टेपचा बेस एकत्र घोटून 2013ला 'कूचा मॉन्स्टर' आणि 2015ला 'बास रानी' दिलं, आणि हा आवाज मोठ्या मैदानांवर गेला. न्यूक्लियाचं श्रेय मोठं आहे. विसर्जनाची मिरवणूक हे संगीताचं विद्यापीठ आहे हे त्याने ओळखलं. पण त्याच्या संगीतात शब्दाला जागा कमी. शब्दाला जागा दिली ती दिल्लीच्या डेल्ही सल्तनत म्हणजे तरू दालमियाने. 'वर्ड साउंड पॉवर' या प्रकल्पातून तो पंजाबातल्या दलित गायक बंत सिंग यांच्या गावी गेला, ओडिशातल्या आदिवासींच्या खाणविरोधी गाण्यांपर्यंत गेला, आणि पुढे बीएफआर साउंड सिस्टिम नावाने जमैकन पद्धतीची स्पीकरची रास उभी करून ती आंदोलनांच्या जागी नेऊ लागला. स्वदेशीचा मार्ग याच दिशेचा, फक्त त्यांना फार लांब जावं लागलं नाही. गोष्ट त्यांच्या शहरातच होती.

आणि इथे उपनगरच्या स्वतःच्या इतिहासाकडे वळायला हवं. मुंबईच्या कलेचा विषय निघाला की गिरगाव, परळ, दादर यांपुढे आपली नजर जात नाही. पण 1944ला अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभारणारे अण्णा भाऊ साठे वर्षानुवर्षं राहिले ते घाटकोपरच्या चिरागनगरात, आणि 18 जुलै 1969ला गेले ते गोरेगावात. घाटकोपरच्याच रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997ला डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, 10 जण मारले गेले. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या घरी आपलं आयुष्य संपवलं. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटाची सुरुवात त्यांच्या मरणापासून होते. रेल्वे रुळांच्या कडेच्या या वस्त्यांत डफ कधी थांबला नव्हता. स्वदेशीतले सगळे जण या शाहिरांची गाणी पाठ करून मोठे झाले असा माझा दावा नाही. वारसा असाही चालतो : माणसं त्याच हवेत राहतात, तेच प्रश्न पाहतात आणि हाती येईल ते वाद्य उचलतात. 1944ला डफ हाती आला, 2013ला लॅपटॉप.

सुरुवातीच्या वर्षांत स्वदेशीच्या एमसींना एक विलक्षण गुरू लाभला. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनी 'ता धोम' प्रकल्पात या मुलांना कर्नाटक संगीतातलं कोन्नकोल शिकवलं, म्हणजे मृदंगाचे बोल तोंडाने म्हणायची विद्या. रॅप करणारी मुलं तोंडाने बोल म्हणत मात्रा मोजू लागली, पाचाच्या आणि साताच्या गटांत ओळ तोडून बसवू लागली. चार-चारच्या चौकटीत अडकलेल्या रॅपला यातून मिळालेली शिस्त दागिन्यासारखी वरून घातलेली नव्हती, ती जिभेत उतरली. फेब्रुवारी 2019ला आलेल्या 'गली बॉय' चित्रपटातलं 'इंडिया 91' हे या शिकण्याचं फळ. तोडफोड आणि 100आरबीएच या दोघांचाही आवाज त्यात आहे. चित्रपटाने मुंबईच्या रॅपला घराघरांत नेलं हे खरं. मात्र स्वदेशीला समजून घ्यायचं असेल तर तो चित्रपट पुरेसा नाही. त्यातला नायक यशस्वी होऊन वस्तीतून बाहेर पडण्याची वाट शोधतो. स्वदेशी वस्तीच्या आणखी आत शिरली.

आरे दूध वसाहत 1949ची. त्याआधीपासून तिथे वारली, कोकणा, मल्हार कोळी अशा आदिवासींचे पाडे आहेत. मेट्रो 3ची कारशेड आरेत होणार म्हटल्यावर वर्षानुवर्षं निदर्शनं, याचिका, सुनावण्या चालल्या. प्रकाश भोईर हे त्या लढ्यातलं ओळखीचं नाव. स्वतः आदिवासी, चित्रं काढणारे, गाणारे. स्वदेशीने त्यांना 'पाहुणा गायक' म्हणून चार ओळींपुरतं बोलावलं नाही. 'द वारली रिव्होल्ट' हे गाणंच त्यांच्या भोवती रचलं. शीर्षकातही मोठा धागा आहे. 1945ला तलासरी-डहाणू-उंबरगाव पट्ट्यात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या सोबतीने वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध जो उठाव केला, त्याचीच आठवण हे नाव करून देतं. गोदूताईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचलेल्या मराठी वाचकाला तो संदर्भ सांगावा लागू नये.

या गाण्याची बांधणी मला फार समंजस वाटते. लोकगीतावर इलेक्ट्रॉनिक ठेका चढवायची आपल्याकडे जुनी खोड आहे. कोळीगीत घ्यायचं, त्याखाली धडधड लावायची आणि गायकाचा आवाज मिरवणुकीच्या कामाला जुंपायचा. डबची तालीम असलेला माणूस उलटं करतो. तो आधी काढून टाकतो. भोईरांच्या आवाजाला वर मोकळं आकाश आणि खाली भक्कम जमीन मिळते, मध्ये गर्दी नाही. तारपा या वारल्यांच्या फुंकवाद्याच्या भोपळ्यातून निघणारा अखंड सूर ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ठाऊक असेल की वारली संगीत एका सुरावर तासन् तास उभं राहू शकतं. डबही एका बेसच्या ओळीवर तसंच उभं राहतं. हे दोघं एकमेकांना भेटल्यावर कुणालाच वाकावं लागलं नाही.

गाणं आलं त्याच वर्षी, 4 ऑक्टोबर 2019ला, उच्च न्यायालयाने कारशेडविरोधी याचिका फेटाळल्या आणि रात्रीच आरेत करवती चालू झाल्या. जमावबंदी लागली, 29 जणांना अटक झाली. 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर 2,141 झाडं पडली होती. नंतर कारशेड कांजूरमार्गला हलवायचा निर्णय झाला, 2022ला तो फिरला, आणि ऑक्टोबर 2024ला मेट्रो 3 आरेतूनच धावू लागली. मधल्या काळात आरेतल्या 800हून अधिक एकरांना राखीव वनाचा दर्जाही मिळाला. गाण्याने झाडं वाचत नाहीत, असं कुणी म्हणेल. शाहिरीनेही आजवर कुठल्या सरकारचा आदेश फिरवला नसेल. पण पाड्यावरच्या माणसाचं म्हणणं नोंदवलं जाणं, ते त्याच्याच आवाजात नोंदवलं जाणं आणि अठरा-वीस वर्षांच्या मुलांनी ते पाठ करणं, याची किंमत न्यायालयाच्या निकालाने कमी होत नाही.

मार्च 2022 स्वदेशीसाठी फार वाईट ठरला. तोडफोड म्हणजे धर्मेश परमार, वय वर्षं 24, त्याच महिन्यात त्याचा 'ट्रूथ अँड बेस' हा संग्रह आला होता. 20 मार्चला तो गेला. त्या संग्रहाचं नाव या गटाचं ध्येयवाक्य व्हावं इतकं नेमकं आहे : खरं बोलायचं आणि ते बेसवर ठेवून बोलायचं. चोविसाव्या वर्षी माणूस जातो तेव्हा झालेल्या कामापेक्षा राहिलेल्या कामाचंच दुःख जास्त होतं. गुजराती रॅपला त्याच्याकडून अजून किती मिळायचं होतं! 100आरबीएच पुढे टीव्हीवरच्या रॅप स्पर्धेतून महाराष्ट्रभर पोचला आणि वऱ्हाडी वळणाची त्याची मराठी आज गावोगावची मुलं ऐकतात.

या वाटचालीत सर्वांत मोठी अडचण जागेची आहे. बेस ही शरीराने ऐकायची गोष्ट. 50 हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ 7 मीटर भरते. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून ती निघूच शकत नाही, त्यामुळे फोनवर 'द वारली रिव्होल्ट' ऐकणाऱ्याने निम्मं गाणं ऐकलेलंच नसतं. चांगली ध्वनियंत्रणा असते ती पबमध्ये, आणि तिथला प्रवेश ज्यांच्याविषयी हे गाणं आहे त्यांना परवडत नाही. किंग्स्टनमध्ये ज्या कारणाने साउंड सिस्टिम जन्मली, तेच कारण आजही आहे. उलट रस्त्यावर स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात त्या सणांत. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीत तिचं काय होतं ते रस्त्यालगत राहणाऱ्या आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना विचारा. मी त्या भिंतींच्या बाजूचा नाही. यंत्रं तीच असतात, पण तिथे सगळ्या जागा आवाजाने बुजवलेल्या असतात आणि शब्द गुदमरतो. चांगलं डब कमी आवाजातही छातीत उतरतं, कारण त्यातली शांतता कुणीतरी विचार करून ठेवलेली असते.

उपनगरांत महापालिकेची चांगली नाट्यगृहं आहेत. मुलुंडला महाकवी कालिदास, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे, पार्ल्याला दीनानाथ मंगेशकर. या मंचांवर नाटक होतं, भावगीतं होतात, एकपात्री होतात, आणि ते व्हायलाच हवं. पण वर्षातून एखादी संध्याकाळ तिथे स्वदेशीसारख्या गटाला आणि आरेच्या पाड्यांवरच्या गायकांना मिळावी, तिकीट वस्तीतल्या मुलाला परवडेल एवढं असावं, आणि नाट्यगृहात खरे बेसचे स्पीकर आणून लावावेत. शाहिरी जलशांचा गौरव करणाऱ्या साहित्य-संस्कृतीच्या संस्थांनी यासाठी पुढाकार घ्यावा, असं मी आग्रहाने म्हणतो. अण्णा भाऊंच्या जयंतीला, 1 ऑगस्टला, घाटकोपरात असा कार्यक्रम झाला तर त्याहून योग्य दिवस नाही. आणि तोवर वाचकांनी एवढं करावं : फोन बाजूला ठेवून, चांगल्या स्पीकरवर, 'द वारली रिव्होल्ट' एकदा पूर्ण ऐकावं.